मनोरुग्णालयातील सिस्टर आणि रुग्ण : विश्वास कसा जुळतो?

"चल, मामाकडे जाऊन येऊ," असे सांगून माणसाला गाडीत बसवायचे आणि गाडी थेट मनोरुग्णालयाच्या फाटकात नेऊन थांबवायची. आम्ही मनोरुग्णांच्या वॉर्डात वर्षानुवर्षे पाळ्या केलेल्या परिचारिका आहोत, आणि हे दृश्य आमच्या इतके ओळखीचे आहे की गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळते, याला मामाकडे जायचे म्हणून आणले आहे. घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. आठ-दहा रात्री कोणी झोपलेले नसते, भांडीकुंडी फुटलेली असतात, शेजारी बोलू लागलेले असतात. पण त्या एका खोट्याचा हिशेब पुढे कोणाला चुकवावा लागतो? वॉर्डात जी सिस्टर पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहते तिला. ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांनीच फसवून आणले, मग ही पांढऱ्या कपड्यातली अनोळखी बाई काय वेगळे करणार, असे तो धरून चालतो.

विहारात वंदनेनंतर बायका आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, "ताई, तिथे मारतात का हो? बांधून ठेवतात का?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर वॉर्डात सिस्टर आणि रुग्ण यांच्यात विश्वास कसा जुळतो, कसा तुटतो, आणि त्यात घरच्यांचा वाटा काय, ते सांगतो.

आधी आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पन्नाशीचे एक काका वॉर्डात आले. बायको-मुले जेवणात विष घालतात असा त्यांचा पक्का समज झाला होता. घरच्यांनी काय केले होते, तर खासगी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुटून त्यांच्या भाजीत घातल्या होत्या. म्हणजे समज आजारातून आलेला, पण जेवणात काहीतरी मिसळतात हे मात्र खरे! आम्हालाही ते ठाऊक होते. तरीही, गोळी घेत नाहीत, डॉक्टरांचा राऊंड जवळ आला, रात्रपाळीला माणसे कमी, अशा घाईत आम्ही त्यांच्या चहात औषध घातले. पहिल्याच घोटाला त्यांनी कडवटपणा ओळखला. पेला फेकला नाही, ओरडले नाहीत. नुसते आमच्याकडे पाहिले आणि पेला खाली ठेवला. पुढचे चार दिवस त्यांनी फक्त केळी खाल्ली, तीही स्वतः सोललेली.

त्या केळ्यांनी आम्हाला वाट दाखवली. ज्याच्यावर साल आहे ते त्यांना चालत होते. मग सोलायची उकडलेली अंडी दिली, बंद पुड्यातली बिस्किटे दिली. इन्चार्ज सिस्टरांनी त्यांच्यापुढे बसून सांगितले, "चहात औषध घातले होते. ती आमची चूक झाली. पुन्हा होणार नाही." त्यानंतर गोळीची पट्टी त्यांच्यासमोर फोडायची, नाव त्यांना वाचू द्यायचे, गोळी कशासाठी आहे ते सांगायचे, नको म्हणाले तर तसेच लिहून ठेवायचे आणि डॉक्टरांना कळवायचे, असा नेम ठेवला. चहा एकाच किटलीतून ओतायचा आणि पहिला घोट आम्ही घ्यायचा. सव्वा आठवड्याने त्यांनी पहिली गोळी आपल्या हाताने घेतली. घरी जाताना त्यांच्या खिशातल्या डायरीत तिन्ही गोळ्यांची नावे त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती. लपवून औषध देण्याने एखादा दिवस निभावतो, पण हा आजार महिन्या-वर्षांचा असतो, आणि लपवलेले एकदा उघडे पडले की पुढची प्रत्येक गोळी संशयाची होते. घरी हे करणाऱ्यांनी डॉक्टरांना आणि सिस्टरांना ते निदान सांगून तरी ठेवावे. आम्हाला माहीत नसेल तर डोसाचा हिशेबही चुकतो.

सिस्टरच्या हातात असे काय आहे जे डॉक्टरांच्या हातात नाही? वेळ. डॉक्टर राऊंडला येतात, दहा मिनिटे बोलतात, पुढे जातात. सिस्टर आठ तास तिथेच असते. आंघोळीला नंबर लावताना, जेवणाच्या ताटापाशी, रात्री दोन वाजता झोप न आलेल्या माणसाजवळ ती असते. अमेरिकेतील परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाव यांनी १९५२ साली परिचर्येतील परस्परसंबंधांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की सिस्टर आणि रुग्ण यांच्यातला संबंध हा उपचाराच्या भोवतीचा गोडवा नाही, तो उपचाराचाच भाग आहे. तो एकदम तयार होत नाही. आधी दोघे एकमेकांना अनोळखी असतात, मग हळूहळू काम सुरू होते, आणि शेवटी नीट निरोप घ्यावा लागतो. निरोपाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. ज्या सिस्टरशी महिनाभर बोललो ती एके दिवशी न सांगता दुसऱ्या वॉर्डात गेली, तर आधीच सोडून दिल्या गेलेल्या माणसाला ते किती लागते!

आपल्याला हा विचार अमेरिकेतून आणण्याची गरज होती असेही नाही. अतिसाराने आजारी पडलेल्या, स्वतःच्याच घाणीत पडून राहिलेल्या भिक्खूची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला पलंगावर ठेवले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे. पण विनयपिटकाच्या महावग्गात त्याच्या पुढे जे येते ते प्रवचनातून फारसे सांगितले जात नाही. तिथे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत: त्याला औषध तयार करता यावे, काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-वांती उचलताना किळस करू नये, आणि वेळोवेळी बोलून रुग्णाला उभारी द्यावी. रुग्णाचेही गुण सांगितले आहेत, आणि त्यांत एक असा की आपली काळजी घेणाऱ्याला त्याने दुखणे आहे तसे सांगावे. आम्हाला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोटाचे दुखणे निदान दिसते तरी. कानात येणारा आवाज, मरण्याचा विचार, बायकोबद्दलचा संशय हे रुग्णाने सांगितले तरच कळते. आणि सांगितल्यावर हसणार नाहीत, मारणार नाहीत, वॉर्डभर करणार नाहीत, एवढी खात्री पटल्याशिवाय कोण सांगेल?

आता आपल्या समाजाला विशेष लागू असलेली गोष्ट. वसतिगृहात राहून शिकणारा एक मुलगा वॉर्डात आला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. केसपेपरवर लिहिले होते: लोक आपल्याबद्दल बोलतात, हसतात, असा संशयी भ्रम. मुलगा बोलत नव्हता, गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकत होता. रात्रपाळीच्या सिस्टरने त्याला काही पटवायचा प्रयत्न केला नाही. रोज रात्री पंधरा मिनिटे त्याच्या खाटेजवळ स्टुलावर बसायची. तिसऱ्या की चौथ्या रात्री तो बोलू लागला. मेसमध्ये कोण त्याच्या टेबलावरून उठून गेले, 'कोट्यातला' असे कोण म्हणाले, कोणत्या महिन्यात, कोणासमोर, हे सगळे त्याला नीट सांगता येत होते. नंतर त्याने हेही सांगितले की तीच मुले आता रात्री पंख्यातून बोलतात आणि त्याच्या मनातले सगळे ऐकतात.

सिस्टर त्याला म्हणाली, "मेसमध्ये झाले ते मला खरे वाटते. पंख्यातला आवाज मला ऐकू येत नाही. तुला येतो, आणि त्याने तुझी झोप उडाली आहे, हे मात्र मला दिसते. त्या आवाजासाठी ही गोळी आहे. मेसचे काम गोळीने होणार नाही, त्याचे वेगळे बघावे लागेल."

आम्हाला आजवर मिळालेल्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा या चार वाक्यांतून जास्त शिकायला मिळाले. भ्रमाला हो म्हटले तर तो पक्का होतो. भ्रमाशी वाद घातला तर माणूस बोलायचा थांबतो. पण भ्रमाच्या बाजूलाच खरा अनुभव उभा असेल आणि आपण दोन्ही एकाच पिशवीत भरून 'आजार' अशी चिठ्ठी लावली, तर त्या मुलाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? सिस्टरने सकाळी डॉक्टरांना सांगितले, केसपेपरवर वेगळी नोंद झाली, समाजसेवा अधीक्षकांनी महाविद्यालयाशी पत्रव्यवहार केला. औषध चालूच राहिले, कारण आजारही खराच होता. हे सांगायचे कारण असे की आपल्याच घरांतून दोन टोकाची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे मनाचे खेळ आहेत, जातीबितीचे काही नाही. दुसरा म्हणतो, सगळा जातीचाच त्रास आहे, डॉक्टरची काय गरज. दोघेही आपल्या मुलाचे अर्धेच ऐकतात.

उलट बाजूही वॉर्डात दिसते. "सिस्टर, आडनाव काय?" असे विचारून हातचे पाणी न घेणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. माणूस आजारी पडतो तेव्हा जात घरी ठेवून येत नाही. अशा वेळी गुपचूप ड्युटी बदलून देणाऱ्या वरिष्ठाही आम्ही पाहिल्या, आणि ते चूक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाच सिस्टरने शांतपणे रोज तोच पेला पुढे केला आणि काही दिवसांनी तो घेतला गेला, असेही झाले आहे. सगळ्यांच्या बाबतीत झाले नाही.

ऐकण्याने कधी कधी निदानही सुधारते. मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः जुन्या पद्धतीच्या, रुग्णाला आतून विलक्षण अस्वस्थता येते. त्याला एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, वॉर्डात येरझाऱ्या सुरू होतात. वरवर पाहणाऱ्याला वाटते, आजार वाढला, डोस वाढवा. डोस वाढवला की त्रास आणखी वाढतो. "तुम्हाला हिंडावेसे वाटते, की बसवतच नाही म्हणून हिंडता?" एवढा एक प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उलगडा होतो आणि डॉक्टरांना औषध बदलता येते किंवा उतारा देता येतो. तोंड सुकणे, हात कापणे, जीभ जड होणे, वजन वाढणे, मासिक पाळी चुकणे हेही असेच. या गोष्टी आधी सांगितल्या तर रुग्ण म्हणतो, सिस्टर बोलल्या होत्या तसे झाले. न सांगता झाल्या तर म्हणतो, मला विष दिले. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

एक वचन मात्र आम्ही कधीच देत नाही. "सिस्टर, एक सांगतो, कोणाला सांगू नका," असे रुग्ण म्हणतो तेव्हा हो म्हणण्याचा मोह फार होतो. पण त्याने पुढे चादरीची दोरी करून ठेवल्याचे सांगितले तर? म्हणून आम्ही आधीच सांगतो: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावेच लागेल, बाकीचे वॉर्डाबाहेर जाणार नाही. हे ऐकूनही बहुतेक जण बोलतात. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने डोक्यात तो विचार घुसतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणसाला हायसे वाटते. हे घरीही लागू आहे.

आता त्या बायकांचा प्रश्न: बांधतात का? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. एकट्याला कोंडून ठेवण्यासही बंदी आहे. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करता येत नाहीत. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच घालता येते जेव्हा रुग्णाला किंवा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळायला दुसरा काही मार्गच उरत नाही, आणि त्याला उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी लागते. शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. बांधले तर रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते. सक्तीने केस भादरता येत नाहीत, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यावे लागतात, काम करून घेतले तर मोबदला द्यावा लागतो, स्त्रियांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू द्याव्या लागतात, आणि जातीवरून भेदभाव करता येत नाही. कायदा असा आहे. सगळीकडे तो असाच पाळला जातो असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण काय चुकीचे आहे ते नातेवाइकांना ठाऊक असेल तर विचारता येते, आणि विचारणारा नातेवाईक असला की वॉर्डही सावध राहतो. तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे करता येते, तिथे समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. विनामूल्य कायदेशीर मदत हा रुग्णाचा हक्क आहे.

बांधण्याची वेळ येऊच नये यासाठी काय करता येते, यावर इंग्लंडमध्ये चांगले काम झाले आहे. लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत ३१ वॉर्डांत अजमावली आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या गोष्टी ऐकल्या तर वाटेल, यात काय मोठेसे! नकार देताना शब्द मऊ वापरायचे, घरून वाईट बातमी आली तर रुग्णाला ती कळण्याआधी जवळ कोण बसेल ते ठरवायचे, पाळी बदलताना रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट पुढच्या सिस्टरला सांगायची, घरी जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या. या पद्धतीने वॉर्डातले भांडणतंटे १५ टक्क्यांनी आणि बळाचा, सक्तीचा वापर २६ टक्क्यांनी कमी झाला. यातले बरेचसे आपल्याकडे एका पैशाचाही खर्च न करता होण्यासारखे आहे. फक्त रात्री एकीच्या माथी सारा वॉर्ड टाकला की मऊ शब्दही संपतात, हेही सरकारने ऐकावे.

घरच्यांनी काय करावे? आणताना खरे सांगा. "तुला झोप नाही, तुझे हाल आम्हाला बघवत नाहीत, डॉक्टरांना दाखवू," एवढे पुरे. तो चिडेल, पण फसवले असे म्हणणार नाही. दाखल करताना आजाराची यादी सांगता तशी माणसाचीही ओळख करून द्या. त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, रागात असताना कोणाचे ऐकतो, कशाला घाबरतो, चहा बिनसाखरेचा घेतो का, रात्री दिवा लागतो का. ज्या बाईला घरात सगळे 'माई' म्हणतात तिला वॉर्डात पहिल्या दिवशी 'माई' अशी हाक ऐकू आली तर तिचा चेहरा कसा बदलतो ते आम्ही पाहिले आहे. अंगाऱ्या-धुपाऱ्यासाठी कुठे नेले असेल, बांधले-मारले असेल, तर लाज न बाळगता सांगा. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही माणसे आधी देवऋषाकडे गेलेली आम्हाला दिसतात. आम्ही रागावत नाही, फक्त अंगावरचा वळ कशाचा ते कळले पाहिजे. भुताच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणारा माणूस. रुग्ण बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून तो नेमू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. ज्याच्याशी रुग्णाचे जमते तो मित्र, ती शेजारीण, विहारातला कार्यकर्ता, प्रौढ असला म्हणजे झाले. हे काम दुखणे उसळण्याआधी करून ठेवावे.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, आणि घरी सोडल्यावरची औषधे तिथून मिळू शकतात. दर महिन्याला दूर जाण्यापेक्षा ते सोयीचे पडते. घरी नेण्याच्या दिवशी सिस्टरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती गोळी कधी, आजार परत येण्याची या माणसातली पहिली खूण कोणती, आणि पुढची तारीख. खूण प्रत्येकाची वेगळी असते. कोणी आंघोळ टाळू लागतो, कोणी पहाटे तीनला उठून घर झाडतो. वसतिगृहातल्या त्या मुलाची खूण होती पंखा बंद करून झोपणे. उन्हाळ्यात त्याने पंखा बंद केला की आई विचारते, "आवाज येतो का रे?" आणि तो खरे सांगतो. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येते. फोन रुग्णानेच करावा असे नाही, आईनेही केला तरी चालतो.